हिरड्या लावलेली बास गिटार

प्रिय शालकबुवा यांस,

भावोजींचे ढीगभर आशीर्वाद. ('श्रीयुत' लिहिणार होतो. आता तू शाळेत संगीत शिकवतोस, चारचौघांत तुला मान आहे. पण आमच्या लग्नाच्या फोटोत तुझ्या नाकाखाली जे काही चमकतं आहे ते आठवलं की हात धजत नाही.) तुझी तब्येत कशी आहे, पाठीचं दुखणं थांबलं का, पोरं सुरात गाऊ लागली की अजून तुलाच त्यांच्या सुरात गावं लागतं, हे सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही मजेत. तुझी ताई मजेत, मी मजेत, माझे दोन्ही गुडघेही आपापल्या परीने मजेत. कान सोडले तर तक्रारीला जागा नाही. कानांचं पुढे सांगतो.

तर मी एक बास गिटार घेतली आहे. विजेवर वाजणारी, चार जाड तारांची, वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि दिसायला दहा वर्षांनी थोर. आता तू म्हणशील, छप्पन्नाव्या वर्षी भावोजींना हे काय सुचलं. तर ते खापर मी तुझ्याच डोक्यावर फोडणार आहे. मागच्या खेपेला तू आला होतास तेव्हा जेवणाची वाट बघत मी चमच्याने टेबल बडवत होतो, आणि तू म्हणालास की भावोजी, ठेका मात्र पक्का आहे तुमचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. तू आपला जेवून बस पकडून गेलास, आणि मी इथे त्या एका वाक्याला घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये चार कवळ्या केल्या त्या सगळ्या ठेक्यात केल्या.

पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. खरी गोष्ट अशी की पाच महिन्यांपूर्वी मी गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने मला एका फडताळाएवढ्या खोलीत कोंडलं, डोक्याला यंत्र लावलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं की आवाज आला की दाबा. सुरुवातीला मी भराभर दाबत होतो. मग मध्येच सगळं शांत झालं. मला वाटलं डॉक्टर चहाला गेला, म्हणून काचेतून बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. मग मी अंदाजाने चार-पाच वेळा दाबलं. (परीक्षेत जी खोड ती जन्मभराची खोड.) शेवटी त्याने कागदावर एक रेघ दाखवली. डावीकडून येते ती छान सपाट, आणि मग एकदम दरीत. चौतीस वर्षं कानाशी कवळ्या घासायची मोटर चालवलीत, म्हणाला, आता वरचे बारीक आवाज गेले, खालचे शाबूत आहेत. किटलीची शिट्टी गेली, दाराची घंटा गेली, फोन गेला. पाखरंही गेली, हे मात्र मला तिथे बसून कळलं. मी इतके दिवस समजत होतो की गल्लीतली झाडं छाटल्यापासून ती येईनाशी झाली.

आणि शालकबुवा, तुझ्या ताईचा आवाज मुळातच बारीक. ती बोलते आहे हे मला ऐकू येतं, काय बोलते आहे ते येत नाही. (डॉक्टर म्हणाला की लग्नाला तीस वर्षं झालेले निम्मे नवरे त्याला हेच सांगतात, त्यांतल्या थोड्यांनाच औषधपाणी लागतं. विनोदी माणूस आहे. मला हसू आलं नाही.) यावर मी एक उपाय काढला आहे. ती काही बोलली की मी 'बरं' म्हणतो. या 'बरं'च्या पायी गेल्या वर्षात आमची बैठकीची खोली पिवळी झाली, माझा जुना कोट कुणाला तरी देऊन झाला आणि मी दर शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजींच्या कुंड्यांना पाणी घालतो. हे मी कधी कबूल केलं ते मला आठवत नाही, पण केलं असणार.

तिला मी अजून हे सांगितलेलं नाही. खरी अडचण ती एवढीच आहे, बाकी गिटारबिटार तिच्या आजूबाजूचं. का सांगितलं नाही म्हणशील, तर एक तर गेली चार वर्षं मी तिच्यावर खेकसत आलो आहे की तू पुटपुटतेस, जरा तोंड उघडून बोलत जा. चार वर्षं! तिने एकदा आरशासमोर उभं राहून बोलून बघितलं होतं, मी दारातून पाहिलं. आता कुठल्या तोंडाने सांगू की पुटपुटत तू नव्हतीस. आणि दुसरं, कळलं की ती माझ्याशी हळूहळू, मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला लागेल, जसं आजाऱ्याशी बोलतात. मला भीती वाटते. हे मी तुला लिहितो आहे, बोललो नसतो. (आत्ता उठून खोलीत एक फेरी मारून आलो. हल्ली एका जागी बूड टेकत नाही.)

त्या डॉक्टरकडून निघालो तो सरळ घरी जायचं सोडून भटकत राहिलो, आणि शेवटी आठवलं की एक पँट कंबरेत सैल करायला टाकली आहे. शिंपी म्हातारा आहे, चष्मा कपाळावर, बोटं सांध्यांत सुजलेली. त्याच्या दुकानात आत कोटांच्या रांगेमागे ही गिटार लटकत होती. मी विचारलं, तर म्हणाला एकतीस वर्षं नाचाच्या बँडमध्ये वाजवली, आता बोटं ऐकत नाहीत. माझी नजर हटेना म्हणून त्याने ती काढली, इस्त्रीच्या टेबलाखालचं स्पीकरचं खोकं चालू केलं आणि सर्वांत जाड तार एकदाच छेडली. शालकबुवा, ती मला ऐकू आली. पूर्ण ऐकू आली, सुरुवातीपासून पार विरून जाईपर्यंत, कानात, छातीत आणि बुटांच्या तळव्यांत. एवढा सबंध आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी तिथेच घेतो म्हणालो. त्याने आधी माझ्या हातांकडे असं बघितलं की मला वाटलं बाहीचं माप घेतो आहे. मग म्हणाला की मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत ना, त्यांतल्या सातव्या पट्टीवर ती जराशी चिरकते, तो तिचा स्वभाव आहे, वाजवा पण सुधारायला जाऊ नका. मी 'बरं' म्हणालो. (या वेळी ऐकू येऊन म्हणालो, म्हणजे गुन्हा जास्त मोठा.)

पँट मी तिथेच विसरलो आणि गिटार घेऊन घरी आलो. तुझ्या ताईने दार उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, काहीतरी लांबलचक बोलली, मी बरं म्हटलं. दोन दिवसांनी उलगडलं की गिटार सामानाच्या खोलीत राहील आणि त्या बदल्यात माझी एकोणीस वर्षांची जमवलेली खोकी बाहेर जातील, असा करार झाला होता. खोकी गेली.

आता तू जाणकार माणूस आहेस, तुला हे सगळं माहीत असणार, पण मला सांगू दे. गिटार आणली तेव्हा मागचं झाकण उघडलं तर आत दोन शर्टाची बटणं, एक मोडकी सुई आणि बोटभर धूळ. आवाजाची बटणं फिरवली की खरखरायची, ती मी साफ केली. आतली एक विजेची तार सुटून लोंबत होती, तिला पुन्हा डाख दिला. मान थोडी वाकली होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरोखरच वाकडं होतं. मानेच्या पोटात एक सळई असते, ती चावीने पाव पाव पिळत गेलं की मान सरळ होते. मी तीन दिवस पाव पाव पिळत होतो आणि मान सरळ झाली. इथवर मी असा खूश होतो की लॅबमध्ये शीळ घालत होतो. (सहकारी म्हणतात शीळ भयंकर होती. मला कल्पना नाही.) इथेच थांबलो असतो तर हे पत्र अर्ध्या पानात संपलं असतं. पण चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्याच्या तोंडातला केसाएवढा उंचवटा घासून काढला, त्याला सातव्या पट्टीवर चिरकते हे शब्द स्वस्थ बसू देतील का?

अडचण अशी की ते चिरकणं मला ऐकू येत नव्हतं. तुझ्या ताईला हाक मारून 'चिरकते का गं' एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण विचारायचं म्हणजे सांगायचं. म्हणून मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. कवळी बसवली की आम्ही दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगतो. जिथे दात उंच, तिथे निळा ठिपका उमटतो, तो घासायचा. मी तोच कागद तारेखाली धरला, तार दाबली, आणि सातव्या पट्टीवर लख्ख निळा ठिपका. आनंदाने उडी मारायची बाकी ठेवली. घासली. तर आता आठवीवर ठिपका. आठवी घासली तर नववीवर. मग दहावी जास्त घासली गेली म्हणून पुन्हा नववी. माकडाने लोण्याचे वाटे करावेत तसा मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो, आणि दोन रविवारी दुपारी घासून घासून सगळ्या वीसच्या वीस पट्ट्या लाकडाला टेकल्या. एकही ठिपका उमटेना. तेव्हा कळलं की ठिपका उमटायला आता पट्टीच उरलेली नाही.

मग मी कवळीच्या तारा वाकवायच्या पकडीने त्या सगळ्या उपटून काढल्या. मानेवर वीस रिकाम्या खाचा, बघवेना. जेवणाच्या सुट्टीत मान लॅबमध्ये नेली आणि खाचा कवळ्या करायच्या आमच्याच मसाल्याने भरल्या, ती पूड आणि ते उग्र वासाचं पाणी कालवून. तू विचारशील रंग कुठला. आमच्याकडे दोनच, दाताचा पांढरा आणि हिरडीचा गुलाबी. पांढऱ्याच्या इवल्या बाटल्या असतात आणि हिशेबाने द्याव्या लागतात, गुलाबीचा डबा भरलेला असतो. उरलेल्या मसाल्यातून गिटारच्या पोटावरचं फुटकं झाकणही नवीन करून टाकलं. मग मान खडूच्या पुडीने चाकावर घासून अशी चकाचक केली की तिच्यात तोंड दिसावं. एवढ्यात आमचे दातांचे डॉक्टर खाली आले, माझ्या टेबलावर ते दोन हात लांब गुलाबी रेघांचं प्रकरण बघितलं, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ही वरची की खालची?"

मान परत गिटारला जोडली, तारा चढवल्या, भिंतीला टेकून ठेवली, आणि दोन पावलं मागे होऊन बघितलं तर ती हसत होती. सगळ्या हिरड्या दाखवून. तेव्हाच कुठे डोक्यात प्रकाश पडला. पट्ट्या असल्या की बोट जरा मागेपुढे पडलं तरी सूर आपसूक नीट येतो, पट्ट्या नसल्या की बोट नेमकं कुठे टेकायचं ते कानाने ठरवावं लागतं. म्हणजे हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याच्या कानांचा भरवसा नाही अशा या गृहस्थाने स्वतःच्या हाताने, मेहनतीने, चकाकी देऊन, कानावाचून वाजणार नाही असं वाद्य तयार केलं होतं. मी त्या रिकाम्या झालेल्या खोलीत स्टुलावर बसलो आणि मला अगदी रडायला आलं. लाज कसली त्यात, आलं.

दुसऱ्या दिवशी पँटचं निमित्त करून ती शिंप्याकडे घेऊन गेलो. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, मानेवरून अंगठा वरून खाली फिरवला, गुलाबी रेघा मोजल्यासारख्या केल्या. मी आपला उभा, कान उपटून घ्यायच्या तयारीने. मग म्हणाला, "आमच्यात कोट बिघडला की त्याची बंडी करतात. वाजवा." मी वाजवायला लागलो, तर दोन मिनिटांत त्याच्या लक्षात आलं, माझं बोट कुठे चुकतंय ते मला कळत नाही. मग मी सगळं सांगितलं. कानांचं, दरीत गेलेल्या रेघेचं, निळ्या कागदाचं, सगळं. चार महिन्यांत पहिल्यांदा एका जिवंत माणसाला, तेही पँट शिवणाऱ्याला. तो म्हणाला की रेघा तर आहेतच जिथल्या तिथे, बोट रेघेवर ठेवा, डोळ्यांनी वाजवा, डोळे चांगले आहेत ना. मग टाचण्या तोंडातून काढून विचारलं, "बायकोला सांगितलं?" मी नाही म्हणालो. "मग मला कशाला सांगता? मी शिंपी."

तेव्हापासून महिनाभर मी रोज संध्याकाळी त्या खोलीत डोळ्यांनी वाजवतो. मान खाली, नजर रेघांवर. तुझी ताई हल्ली तिथे येऊन बसते, स्पीकरच्या खोक्याशेजारी, कधी मटार सोलत, कधी नुसतीच. गेल्या रविवारी मी वाजवत असताना तिने काहीतरी विचारलं. मी मान वर न करता बरं म्हणालो. नंतर वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती, आणि बराच वेळ बघत राहिली. काय विचारलं होतं ते मला माहीत नाही. पुन्हा विचार असं म्हणायचा धीर झाला नाही. त्या दिवसापासून झोप नीट नाही, जेवण नीट नाही, दिवसभर या खोलीतून त्या खोलीत.

असो. पाठीला शेक देत जा. मुलांना मारू नकोस. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना जे हवं असेल ते, आणि उत्तर लवकर.

तुझा,
भावोजी

ता. क. – येत्या रविवारी तू ये. कारण विचारलं तर गिटार ऐकायला आलास म्हण. खरं काम असं की तुझ्या ताईला कानांचं तू सांगायचं. मी पाव आणायच्या निमित्ताने वीस मिनिटं बाहेर जाईन, तेवढ्यात उरक. तुझा आवाज गोड आहे, तुझ्या तोंडून तिला कमी लागेल.

ता. क. दुसरा – वरचं खोडायचं होतं, पण शाई पुसत नाही. तू सांगू नकोस. तीस वर्षं संसार केला आणि हे सांगायला मेहुणा बोलावला, असं नको व्हायला. मीच सांगेन. तू फक्त माझ्या शेजारी बस, आणि मी विषय बदलून गिटारच्या सळईवर गेलो की टेबलाखालून पाय मार. जोरात मार, मी लवकर वळणारा नाही.

ता. क. तिसरा – की तूच सांगतोस? मी सामानाच्या खोलीत वाजवत बसेन, म्हणजे तुमचं बोलणं मला ऐकू येणार नाही. (तसंही येत नाही.) बघ, तुला जसं सुचेल तसं कर. तुझी ताई बाजारात निघाली आहे, पत्र तिच्याच हाती पेटीत टाकायला देतो.

*

धाकट्या, मी ताई लिहिते आहे. ह्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं ते न चिकटवताच. हे विसरले की मुद्दाम उघडं ठेवलं, ते मी विचारणार नाही. टपाल कचेरीतल्या बाकावर बसून वाचलं, आणि उरलेल्या जागेत लिहिते आहे.

मला हे चार महिन्यांपासून माहीत आहे. कानाच्या दवाखान्यातून फोन आला होता, ऐकायच्या यंत्राचं माप द्यायला कधी येणार म्हणून. फोन वाजलेला ह्यांना ऐकू येत नाही, मग तो मीच घेणार ना. मी म्हटलं, जरा थांबा, आधी ह्यांचं घरात सांगून होऊ दे. ते दर महिन्याला विचारतात, मी दर महिन्याला थांबवते. आता पुढच्या मंगळवारची वेळ घेऊन ठेवली आहे.

गेल्या रविवारी मी विचारलं होतं, "मला कधी सांगणार?" तर म्हणाले, बरं.

ते पुटपुटण्याचं ह्यांनी स्वतःच्या अक्षरात कबूल केलं आहे, तेवढं पान जपून ठेव. आरशासमोर तेव्हा मी स्तोत्र पाठ करत होते, पण असू दे. गिटार कशी वाजते म्हणशील, तर खालच्या आजींनी दोनदा विचारलं की कपाट सरकवताय का. परवा मात्र एका जागी चांगली वाजली. खोक्याला पाठ टेकून बसलं की सगळी पाठीत येते, तू पण बसून बघ.

रविवारी ये. तू सांगू नकोस, पाय मारू नकोस, पाव आणायला मी कुणाला जाऊ देणार नाही. कितीही वेळ लागू दे, ह्यांनाच सांगू दे. मी पहिल्यांदाच ऐकते आहे असं तोंड करणार आहे. तेवढा वेळ माझ्याकडे बघू नकोस. तू हसलास की मला हसू येईल, आणि हसायला लागले की मला रडू आवरणार नाही.